बारा क्लबांचा अनेल्का आणि ट्रान्सफरचं गणित

ऑगस्ट १९९९ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने २० वर्षांचा एक फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीत गोल करण्यासाठी खेळणारा खेळाडू, रेआल माद्रिदला सुमारे सव्वादोन कोटी पौंडांना दिला. अडीच वर्षांपूर्वी पॅरिसहून त्याला आणताना त्यांनी पाचएक लाख मोजले होते. आलेल्या पैशातून आर्सेनलने थिएरी हेन्रीला घेतलं, आणि लंडन कॉलनी इथलं नवं सराव केंद्रही बऱ्याच अंशी याच पैशावर उभं राहिलं. हेन्री पुढे क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. ज्याच्या जाण्याने हे सगळं जमून आलं, तो निकोला अनेल्का मात्र माद्रिदमध्ये एक हंगाम काढून पॅरिसला परतला. मग लिव्हरपूल, मँचेस्टर, इस्तंबूल, बोल्टन, पुन्हा लंडन, शांघाय, तुरिन, वेस्ट ब्रॉमविच आणि सरतेशेवटी आपली मुंबई.

बारा क्लब आणि सात देश. त्याच्यासाठी मोजलेल्या सगळ्या रकमांची बेरीज पावणेनऊ कोटी पौंडांच्या आसपास जाते. पायाला भिंगरी लावलेला, पैशामागे धावणारा, कुठेच मन न रमणारा माणूस अशी त्याची ख्याती झाली. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तर त्याला ‘रुसूबाई’ या अर्थाचं टोपणनावच देऊन टाकलं. मला ही ख्याती अर्धवट वाटते. त्याचा स्वभाव तिरसट होता, यात वाद नाही. पण प्रत्येक बदलाच्या वेळी समोर एक विकणारा क्लब होता, एक घेणारा क्लब होता आणि दोघांनाही तो व्यवहार हवा होता. फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबकडून दुसऱ्याकडे नेमका कसा जातो, पैसा कोणाला मिळतो आणि फॉरवर्डच सर्वात जास्त का फिरतात, हे समजून घ्यायला अनेल्काइतकी सोयीची कारकीर्द दुसरी सापडणं कठीण.

पैसे कशाचे मोजतात?

आधी पाया पक्का करू. क्लबची मालकी खेळाडूवर नसते. क्लबकडे असतो तो ठरावीक मुदतीचा करार. खेळाडू त्या मुदतीत दुसरीकडे जायचा असेल तर नवा क्लब जुन्या क्लबला पैसे देऊन तो करार संपवून घेतो. आयटी कंपनीत नवा मालक तुमच्या नोटीस पिरियडचे पैसे भरून तुम्हाला लवकर मोकळं करून घेतो ना, तसंच हे, फक्त रक्कम कोटींत. या रकमेला ट्रान्सफर फी म्हणतात. ती खेळाडूच्या खिशात जात नाही. खेळाडूचा पगार, सही करण्याचा बोनस, एजंटचं कमिशन हे सगळं वेगळं.

यातून एक गोष्ट सरळ निघते. कराराची मुदत जितकी जास्त उरलेली, तितकी फी जास्त. मुदत संपली की फी शून्य.

हे शेवटचं वाक्य आज साधं वाटतं, पण ते कायद्यात बसायला एका माणसाची कारकीर्द खर्ची पडली. बेल्जियमचा ज्याँ-मार्क बोसमान १९९० मध्ये लिएजच्या क्लबबरोबरचा करार संपल्यावर फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे निघाला होता. करार संपलेला असूनही जुना क्लब फी मागत होता. ती मिळेना, म्हणून त्याला जाऊही दिलं नाही. तो कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपियन न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूला युरोपियन संघातल्या दुसऱ्या देशात जाताना फी लावता येणार नाही, आणि संघातल्याच देशांच्या नागरिकांवर ‘परदेशी खेळाडू’ म्हणून मर्यादाही घालता येणार नाही. पूर्वी युरोपीय स्पर्धांत तीनच परदेशी खेळाडू आणि स्थानिक पातळीवर तयार झालेले आणखी दोन खेळवता यायचे. ती भिंत पडली. चारच वर्षांत, २६ डिसेंबर १९९९ ला, चेल्सीने साउथहॅम्प्टनविरुद्ध सुरुवातीच्या अकरांत एकही ब्रिटिश खेळाडू न घेता सामना खेळला.

बोसमानचा निकाल लागला आणि दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, सोळा वर्षांचा अनेल्का पॅरिस सेंट जर्मेनकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. नव्या नियमांखाली पूर्ण कारकीर्द घडलेल्या पहिल्या पिढीतला हा मुलगा.

त्राप ते लंडन

अनेल्काचे आईवडील कॅरिबियनमधल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचे. तो वाढला पॅरिसच्या पश्चिमेला त्राप या उपनगरात. तिथून क्लेरफाँतेनच्या राष्ट्रीय प्रबोधिनीत निवड झाली आणि मग पॅरिस सेंट जर्मेन. गुणवत्ता सगळ्यांना दिसत होती, पण पहिल्या संघात जागा मिळत नव्हती, आणि त्याच्याकडे अजून पूर्ण व्यावसायिक करारही नव्हता. फ्रान्समध्ये अशा मुलाने पहिला व्यावसायिक करार आपल्याला घडवणाऱ्या क्लबबरोबरच करायचा, असा रिवाज होता. पण तो फ्रान्सच्या हद्दीपुरता. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर स्वतः फ्रेंच. ही फट त्यांना नेमकी ठाऊक होती. पॅरिसने आदळआपट केली आणि शेवटी पाच लाख पौंडांवर समाधान मानलं.

पॅरिसचा संताप मला समजतो. मूल घडवायचं एकाने आणि तयार झाल्यावर उचलून न्यायचं दुसऱ्याने, यात छोट्या क्लबांचं मरण असतं. २००१ मध्ये फिफाने युरोपियन आयोगाशी बोलून जे नवे नियम केले, त्यात यावर दोन उपाय आले. एक, प्रशिक्षण भरपाई: खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला किंवा २३ वर्षांचा होईपर्यंत तो दुसऱ्या देशात गेला, की त्याला घडवणाऱ्या क्लबांना भरपाई. दुसरा उपाय म्हणजे एकजूट निधी. कराराच्या मुदतीत खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की ट्रान्सफर फीचे पाच टक्के बाजूला काढायचे आणि तो १२ ते २३ वर्षांचा असताना जिथे जिथे खेळला त्या क्लबांत वाटायचे. हा नियम १९९९ च्या माद्रिद व्यवहाराला लावला असता तर सव्वाअकरा लाख पौंड अशा वाटपासाठी निघाले असते. म्हणजे अनेल्काला घेताना आर्सेनलने पॅरिसला जे दिलं, त्याच्या दुप्पट.

लंडनला पोरगा फुलला. १९९७-९८ मध्ये आर्सेनलने प्रीमियर लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. १६ मे १९९८ ला वेम्बलीवर न्यूकॅसलविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने केलेला गोल पाहिला की क्लब त्याच्यासाठी वेडे का झाले ते लगेच कळतं. सत्तरी गाठायला आलेलं मिनिट. रे पार्लरने मधल्या फळीतून बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू पुढे टाकला. पास टाकणाऱ्याचा पाय हलला आणि त्याच क्षणी अनेल्का निघालेला होता, आधी नाही, नंतरही नाही. चेंडू टप्पा घेत असताना तो त्याच्यापाशी पोहोचला. वेग कमी न करता दोन स्पर्शांत त्याने चेंडू पुढ्यात घेतला आणि गोलरक्षकाच्या पलीकडून जमिनीलगत लांबच्या कोपऱ्यात मारला. जोर नव्हता लावला. चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती.

पुढच्या हंगामात लीगमध्ये १७ गोल. वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू हा पुरस्कार. फेब्रुवारी १९९९ मध्ये वेम्बलीवरच फ्रान्सने इंग्लंडला २-० हरवलं, दोन्ही गोल त्याचे. आणि नेमक्या याच काळात तो आणि त्याचे व्यवहार पाहणारे भाऊ दिदिए आणि क्लोद यांनी क्लब सोडायचा हट्ट धरला.

करार तर शिल्लक होता. मग आर्सेनलने अडवलं का नाही? कारण मनाविरुद्ध ठेवलेला फॉरवर्ड गोल करत नाही, आणि दर महिन्याला त्याच्या कराराची मुदत, म्हणजेच किंमत, घटत जाते. वेंगरनी हे गणित थंड डोक्याने केलं. २००१ च्या नियमांत यावरही लगाम आला. २८ वर्षांच्या आत केलेल्या कराराची पहिली तीन वर्षं ‘संरक्षित’ मानायची, त्या काळात खेळाडूने करार एकतर्फी मोडला तर नुकसानभरपाई आणि वर काही महिन्यांची बंदी. हे नियम आजही वादात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये लासाना डियारा या फ्रेंच खेळाडूच्या प्रकरणात युरोपियन न्यायालयाने त्यातला काही भाग युरोपच्या कायद्याशी विसंगत ठरवला आणि फिफाला नियम पुन्हा लिहायला घ्यावे लागले.

माद्रिद आणि परतीचा प्रवास

माद्रिदचं वर्ष विलक्षण होतं. लीगमध्ये अख्ख्या हंगामात दोन गोल. ड्रेसिंग रूममध्ये एकटा पडलेला, वर्तमानपत्रांनी पिच्छा पुरवलेला. मार्च २००० मध्ये त्याने सरावाला नकार दिला आणि क्लबने त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. निलंबनातून परत आला आणि चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकविरुद्ध घरच्या सामन्यात एक, परक्या मैदानावर एक असे गोल केले. दोन सामन्यांची मिळून गोलसंख्या ३-२. त्याचे दोन गोल काढले तर रेआल अंतिम फेरीत नसतं. २४ मे २००० ला पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये व्हॅलेन्सियाला ३-० हरवून रेआल युरोपचं विजेतं झालं, तेव्हा अनेल्का सुरुवातीच्या अकरांत होता. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सबरोबर युरो २००० चं विजेतेपद. एकविसाव्या वर्षी एवढं पदरात, आणि तरी त्या वर्षाला लोक अपयशच म्हणतात.

मग फ्लोरेंतिनो पेरेझ रेआलचे अध्यक्ष झाले, लुईस फिगो संघात आला आणि अनेल्का पॅरिस सेंट जर्मेनला परत. रक्कम जवळपास तेवढीच, म्हणजे दोन कोटी वीस लाख पौंडांच्या घरात. साडेतीन वर्षांपूर्वी पाच लाखांवर गमावलेला मुलगा त्याच क्लबने चाळीसपटीहून अधिक मोजून परत आणला. पुढे प्रशिक्षक लुईस फर्नांडेझशी बिनसलं आणि डिसेंबर २००१ मध्ये तो लोनवर लिव्हरपूलला गेला.

लोन म्हणजे करार जुन्या क्लबकडेच ठेवून काही काळ दुसरीकडे खेळणं. पगाराचा काही किंवा सगळा भार दुसरा क्लब उचलतो, आणि बहुतेकदा मुदतीअखेर कायम घेण्याचा पर्याय ठेवलेला असतो. घेणाऱ्याला खेळाडू पारखून बघता येतो, देणाऱ्याचा पगार वाचतो. लिव्हरपूलमध्ये अनेल्का चांगला खेळला, लोकांना आवडला. त्याला ठेवणार असंच सगळे धरून चालले होते. प्रशिक्षक जेरार हुलिए यांनी मात्र ऐनवेळी सेनेगलच्या एल हाजी दियुफला पसंती दिली. दुसऱ्या क्रमांकावरचा लिव्हरपूल पुढच्या वर्षी पाचवा आला आणि दियुफचे लीगमधले गोल झाले तीन. इथे अनेल्काने क्लब सोडला नव्हता, क्लबने त्याला सोडलं होतं. त्याच्या भटकेपणाचा हिशेब मांडताना हे प्रकरण हमखास विसरलं जातं. (पुढे हे दोघे बोल्टनमध्ये एकाच संघातून खेळले.)

फॉरवर्डच का फिरतात

२००२ मध्ये प्रशिक्षक केव्हिन कीगन यांनी त्याला एक कोटी ३० लाख पौंडांना मँचेस्टर सिटीत आणलं. सिटी तेव्हा नुकताच वरच्या श्रेणीत परतलेला क्लब होता, अबू धाबीचा पैसा यायला सहा वर्षं होती. तिथे त्याने लीगमध्ये ३७ गोल केले. जानेवारी २००५ मध्ये फेनरबाचे, तिथे तुर्की लीगचं विजेतेपद. २००६ मध्ये ऐंशी लाख पौंडांना बोल्टन. बोल्टनसारख्या छोट्या गावच्या क्लबने मोजलेली ती तोवरची सर्वात मोठी रक्कम.

बचावपटूचं काम मोजता येत नाही. चांगला बचावपटू योग्य जागी उभा राहतो आणि धोका उद्भवतच नाही. न घडलेल्या गोलांची नोंद कोण ठेवणार? शिवाय तो चार जणांच्या फळीचा भाग असतो. शेजारचे बदलले की तोही वेगळा दिसतो. फॉरवर्डचं तसं नाही. गोल दिसतात, मोजता येतात, दुसऱ्या देशातल्या अध्यक्षाला फोनवर सांगता येतात. खाली घसरणाऱ्या संघाला जानेवारीत वाटतं की एक गोल करणारा मिळाला तर वाचू. वर असलेल्या संघाला वाटतं की एकच मिळाला तर जिंकू. अनेल्काच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याचा वेग आणि योग्य क्षणी निघण्याची जाण कोणत्याही पद्धतीत बसायची. त्याच्याभोवती संघ रचावा लागत नसे. अशा खेळाडूची बाजारात कायम मागणी राहते, आणि मागणी असली की एजंटांना आणि क्लबांना तो हलता राहण्यातच रस असतो.

आता हिशेबाची बाजू. ही समजली की अर्ध्या बातम्यांचा अर्थ आपोआप लागतो. क्लब ट्रान्सफर फी एकाच वर्षाच्या खर्चात दाखवत नाही, कराराच्या वर्षांत विभागून दाखवतो. बोल्टनने ८० लाख मोजले. समजा करार चार वर्षांचा, तर दरवर्षी २० लाख खर्ची पडणार. दीड वर्षाने, जानेवारी २००८ मध्ये, ३० लाख खर्ची पडलेले आणि वहीत त्याची किंमत उरली ५० लाख. चेल्सीने दिले दीड कोटी. म्हणजे बोल्टनच्या वहीत त्या वर्षी एक कोटीचा नफा, एकरकमी. विकणाऱ्याचा फायदा लगेच दिसतो आणि घेणाऱ्याचा खर्च वर्षानुवर्षं पसरतो. त्यामुळे व्यवहार करण्याकडे दोघांचाही कल झुकतो. याच पद्धतीचा आधार घेऊन चेल्सीने २०२३ मध्ये मिखाइलो मुद्रिकशी साडेआठ वर्षांचा करार केला, म्हणजे दरवर्षीचा खर्च कमी दिसेल. त्यानंतर युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेने आणि मग प्रीमियर लीगनेही हिशेबातली ही विभागणी जास्तीत जास्त पाच वर्षांपुरती मर्यादित केली.

बोल्टनसाठी तो सौदा वाईट नव्हता. त्या अर्ध्या हंगामात अनेल्काने लीगमध्ये १० गोल करून दिले होते. तो गेला, पैसे आले आणि क्लब कसाबसा का होईना, वरच्या श्रेणीत टिकला.

मॉस्कोतली किक

२१ मे २००८. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, चेल्सी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, मॉस्कोत मध्यरात्र उलटून गेलेली आणि पाऊस. अनेल्का जादा वेळेत, ९९ व्या मिनिटाला जो कोलच्या जागी आला. १-१ बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. पाचवी किक घालून चेल्सीला जिंकून देण्याची संधी कर्णधार जॉन टेरीची होती. त्याचा पाय घसरला आणि चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. सातव्या फेरीत युनायटेडच्या रायन गिग्सने गोल केला. आता अनेल्का.

चेल्सीचे आधीचे खेळाडू एका बाजूला, गोलरक्षक एडविन व्हॅन डर सारच्या डावीकडे, मारत आले होते. व्हॅन डर सारने किकच्या आधी हात लांब करून त्याच बाजूकडे बोट दाखवलं. तुम्ही इकडेच मारता, मला कळलंय. अनेल्काने बाजू बदलली. चेंडू कमरेच्या उंचीला, कोपऱ्यापासून बराच आत. व्हॅन डर सार आधीच उजवीकडे झेपावला होता. सामना संपला.

या किकवर त्याची अख्खी कारकीर्द तोलणारे लोक आहेत. मला त्यापेक्षा पुढची दोन वर्षं महत्त्वाची वाटतात. जानेवारी २००८ पासून दीड वर्षात चेल्सीत चार प्रशिक्षक झाले: ग्रँट, स्कोलारी, हिडिंक, अँचेलॉटी. चारही जणांनी त्याला खेळवलं. २००८-०९ मध्ये १९ गोल करून तो लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, क्रिस्तियानो रोनाल्डोपेक्षा एक जास्त. पुढच्या हंगामात दिदिए ड्रोग्बा मधोमध राहावा म्हणून तो कधी उजवीकडे सरकला, कधी मागे येऊन चेंडू घेऊ लागला. त्याचे स्वतःचे गोल घटून ११ झाले आणि चेल्सीने १०३ गोलांचा तेव्हाचा विक्रम करत लीग जिंकली, एफए कपही जिंकला. तिशी गाठलेल्या फॉरवर्डने वेग कमी होत असताना खेळ कसा बदलायचा याचा हा धडा होता. जिथे त्याला चार वर्षं एका ठिकाणी राहू दिलं, तिथे तो राहिला.

देशाचा संघ

फ्रान्सबरोबरचं त्याचं नातं मात्र कधी जुळलंच नाही. १९९८ च्या घरच्या विश्वचषकाआधी २८ जणांतून सहा वगळले, त्यात तो होता. २००२ ला नाही, २००६ ला नाही. पहिला विश्वचषक मिळाला तो २०१० चा, दक्षिण आफ्रिकेतला, वयाच्या ३१ व्या वर्षी. मेक्सिकोविरुद्ध मध्यंतरात प्रशिक्षक रेमाँ डोमेनेक यांच्याशी वाजलं. दोन दिवसांनी लेकिप या दैनिकाने पहिल्या पानावर शिवीसकट मथळा छापला. अनेल्काने ते शब्द आपले नाहीत असं कायम सांगितलं. माफी मागायला नकार दिल्यावर त्याला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी नायस्नाच्या सराव मैदानावर अख्ख्या संघाने सरावावर बहिष्कार टाकून बसमध्ये बसणं पसंत केलं. फ्रेंच संघटनेने त्याच्यावर १८ सामन्यांची बंदी घातली. राष्ट्रीय संघातले ६९ सामने आणि १४ गोल तिथेच थांबले. चूक दोन्ही बाजूंची होती, पण ड्रेसिंग रूममधलं बोलणं वर्तमानपत्राला पुरवणाऱ्याचं नाव कधीच पुढे आलं नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

शांघायहून मुंबईकडे

२०१२ मध्ये शांघाय शेनहुआ. चिनी क्लबांनी युरोपातली मोठी नावं उचलायला तेव्हा नुकती सुरुवात केली होती. काही महिन्यांत ड्रोग्बाही तिथे आला आणि २०१३ च्या जानेवारीत दोघेही निघाले. अनेल्का युव्हेंटसला लोनवर गेला. तिथे काही मिनिटंच खेळायला मिळाली. मग फी न लागता वेस्ट ब्रॉमविच अल्बियन. वय वाढलं की फॉरवर्ड असाच फिरतो: ट्रान्सफर फी शून्य, करार छोटे, आणि क्लबला हवं असतं ते बरंचसं नाव. २८ डिसेंबर २०१३ ला गोल केल्यावर त्याने हाताची एक खूण केली. फ्रान्समध्ये ती ज्यूविरोधी मानली जाते. आपला तसा हेतू नव्हता असं तो म्हणाला, आणि तसा हेतू सिद्ध झाला नाही असं चौकशी मंडळानेही म्हटलं. पण पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पौंडांचा दंड झालाच. मला विचाराल तर दंड योग्यच होता. लाखो लोक बघत असताना अशा खुणेचा अर्थ आपण एकटे ठरवू शकत नाही. मार्च २०१४ मध्ये त्याचा आणि क्लबचा संबंध संपला.

बंदीचे सामने मात्र संपले नव्हते. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई सिटी एफसीने त्याला करारबद्ध केलं तेव्हा ती बंदी त्याच्याबरोबर नवी मुंबईत आली आणि इंडियन सुपर लीगचे सुरुवातीचे सामने त्याला बाहेर बसावं लागलं. खेळाडू देश बदलतो तेव्हा जुन्या देशाच्या संघटनेकडून नव्या देशाच्या संघटनेला आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र जातं. त्याशिवाय नोंदणी होत नाही, आणि शिल्लक शिक्षाही त्याच वाटेने पुढे पोहोचते.

त्या पहिल्या हंगामाचं नेपथ्य आज आठवलं तर खरं वाटत नाही. लीग जेमतेम अडीच महिन्यांची, आठ संघ. मुंबईत अनेल्का आणि त्याचा आर्सेनलमधला जुना सहकारी फ्रेडी लुंगबर्ग. पुण्यात डेव्हिड त्रेझेगे, गोव्यात रॉबर्ट पिरेस आणि प्रशिक्षक झिको. युरो २००० च्या अंतिम सामन्यात पिरेसच्या पासवर त्रेझेगेने गोल्डन गोल (जादा वेळेतला, सामना तिथेच संपवणारा गोल) करून फ्रान्सला जिंकून दिलं होतं, आणि अनेल्का त्याच चमूत होता. चौदा वर्षांनी हे तिघे मुंबई, पुणे आणि मडगावच्या मैदानांवर. संध्याकाळी पाम बीच रोडने डी. वाय. पाटील स्टेडियमकडे निघालेल्या मुलांपैकी अनेकांनी चॅम्पियन्स लीग जिंकलेला माणूस पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिला. वेग गेलेला होता, पण चेंडू पायाशी घेण्याआधी खांद्यावरून मागे टाकलेली नजर तीच होती.

२०१५ मध्ये तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत परतला. संघात सुनील छेत्री होता. लिलावात त्याच्यासाठी १ कोटी २० लाख रुपये मोजले गेले होते, आणि नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध छेत्रीने या लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक केली. त्याच हंगामात फातोर्ड्याला एफसी गोवाकडून मुंबईला ०-७ अशी हारही पत्करावी लागली. संघ सहावा आला आणि अनेल्काचा इथला मुक्काम संपला. त्यानंतर तो कुठल्याच क्लबकडून व्यावसायिक सामना खेळला नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला (२०२५ मध्ये तो सोडला). मँचेस्टर सिटीही याच समूहाची. एकाच मालकाचे क्लब वेगवेगळ्या देशांत असले की त्यांच्यात खेळाडूंची ये-जा कोणत्या किमतीला होते, हा आता नियामकांपुढचा मोठा प्रश्न आहे.

आपल्या दृष्टीने मात्र मला पाच टक्क्यांचा तो एकजूट निधीच सर्वात जवळचा वाटतो. २०२२ च्या नोव्हेंबरपासून पॅरिसमधल्या फिफा क्लिअरिंग हाउसमार्फत तो आपोआप वाटला जाऊ लागला आहे. हिशेब असा: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामासाठी फीचा पाव टक्का, १६ पासून पुढच्या प्रत्येक हंगामासाठी अर्धा टक्का. कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ पिढ्यान् पिढ्या फुटबॉल खेळत आले आहेत, आणि तिथलाच फॉरवर्ड अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. उद्या अशा एखाद्या मुलासाठी परदेशी क्लबने दहा लाख पौंड मोजले आणि त्याची १२ ते १५ ही चार वर्षं गावच्या क्लबात गेली असतील, तर त्या क्लबचे होतात दहा हजार पौंड. वर्षभराचे चेंडू, जाळी, बूट आणि प्रशिक्षकाचं मानधन सहज निघेल. अट एकच. त्या चार वर्षांची नोंदणी संघटनेच्या केंद्रीय प्रणालीत मुलाच्या नावावर, तारखेसह, त्या त्या वेळी झालेली हवी. मुलगा गेल्यावर जुने फोटो आणि स्मृतिचिन्हं दाखवून हा हक्क सिद्ध करत बसणं फार अवघड जातं. ज्या क्लबात बारा वर्षांची मुलं येतात, तिथल्या चिटणिसांनी हंगाम सुरू होण्याआधी हे काम हातावेगळं करावं.